लेडीज खिडकी

ता. दर्यापूर, जि. अमरावती
मार्गशीर्षातला गुरुवार

चि. छकुलीस आईचे अनेक आशीर्वाद.

बत्तीस वर्षांच्या आर्किटेक्ट बाईला छकुली म्हटलेलं तुला आवडत नाही, पण पत्र माझं आहे.

परवा तुझा फोटो आला. तुम्ही पाडायला घेतलेली अमरावतीची ती बंद टॉकीज, बाजूच्या भिंतीत कमानीची एवढीशी खिडकी, गज गंजलेले, खाली तुझी पिवळी टेप लावलेली. रस्त्यापासून गुडघ्याच्या जेमतेम वर. "आई, तू या टॉकीजला जायचीस ना? मग हे काय असेल? खिडकी म्हणावी तर एवढ्या खाली कोण वाकून बघणार?" मी नुसता अंगठा पाठवला. त्या काचेवर बोटाने एवढं लिहिणं मला जमत नाही, आणि फोनवर सांगायला बसले असते तर तू मधेच "आई, मीटिंग आहे" म्हणाली असतीस. आज उपवास आहे. तुझे बाबा वावरात गेलेत, कापूस फुटलाय आणि वेचायला बाया मिळत नाहीत. दुपार मोकळी सापडली म्हणून वही घेतली.

ती लेडीज खिडकी आहे. बायांचं तिकीट तिथे मिळायचं.

समोर पोर्चमध्ये पुरुषांच्या तीन खिडक्या होत्या: थर्ड, अप्पर आणि बाल्कनी. त्यांच्यापुढे लोखंडी पाइपांचे पिंजरे, एक माणूस कसाबसा सरकेल एवढे. नवीन सिनेमा लागला की त्या पिंजऱ्यात शर्टाच्या गुंड्या तुटायच्या, आणि काही पोट्टे तर लोकांच्या डोक्यांवरून सरपटत खिडकीपर्यंत पोचायचे. बाजूच्या गल्लीत आमची खिडकी. तिथे पंधरा-वीस बाया, कडेवर पोरं, कसली घाई नाही. आणि गंमत ही की त्या एका खिडकीवर कोणत्याही दर्जाचं तिकीट मिळायचं, माणशी चार. आत बसलेला बुकिंगवाला मान वर करत नसे. हात बाईचा आहे एवढंच बघायचा. बांगडी हेच ओळखपत्र.

मग समोरच्या पिंजऱ्यात जीव नको झालेले पुरुष गल्लीत यायचे आणि आम्हा पोरींना म्हणायचे, "अव पोरी, माह्यासाठी दोन बाल्कनी काढजो. चार आणे देतो."

शोले आपल्याकडे आला तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते आणि सुटीत मोठेमामाकडे अमरावतीला राहायला गेले होते. मामा त्याच टॉकीजमध्ये ऑपरेटर. तुला मामा आठवतो तो अंगणात खाट टाकून बसलेला म्हातारा. तेव्हा तो पंचविशीचा होता, तेल लावून भांग पाडायचा, आणि गल्लीतली पोरं त्याला सिनेमावाला म्हणून सलाम करायची. आठ दिवस मी रोज दुपारी त्या खिडकीपाशी उभी राहिले. हात आत, तिकिटं बाहेर, चार आणे मुठीत. तिसऱ्या दिवसापासून एक चौकड्याच्या शर्टवाला पोट्टा यायचा, तो एकदम चारही तिकिटं घ्यायचा आणि आठ आणे द्यायचा. मला वाटायचं, केवढं मोठं कुटुंब आहे याचं, रोज रोज शोले बघतं. तो ब्लॅकवाला होता हे मला दोन वर्षांनी कळलं. म्हणजे तुझ्या आईने आठ दिवस ब्लॅकच्या धंद्यात काम केलं आहे. बाबांना सांगू नकोस. त्यांना माहीत आहे, पण तुला माहीत आहे हे माहीत नाही.

त्या पैशांचं मी काय केलं? निळी शाईची बाटली आणि निबाचा पेन घेतला. माझ्या कमाईची पहिली वस्तू. अंगणवाडीचा पहिला पगार त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला.

आणि शोले मी पाहिलाच नाही. जागाच नव्हती. मामा म्हणाला, "पुढच्या हप्त्यात बसवतो," आणि पुढच्या हप्त्यात शाळा सुरू झाली. गल्लीत उभं राहून भिंतीतून सगळे डायलॉग ऐकले, पाठ झाले. चेहरे पुढे कितीतरी वर्षांनी टीव्हीवर दिसले. मुंबईच्या मिनर्व्हाला तो पाच वर्षं चालला म्हणतात. ती मिनर्व्हासुद्धा पाडलीच की.

तू म्हणशील आई सारखी टॉकीजला जात असेल. नाही ग. अंगणवाडीत रजिस्टरं भरून भरून मला मोजायची खोड लागली आहे, म्हणून सांगते: टॉकीजमध्ये मी आयुष्यात सातदा सिनेमा पाहिला. तू मला पुण्यात नेलंस तो मल्टिप्लेक्स यात धरलेला नाही. त्याचं पुढे लिहिते.

पहिला बहिरमच्या यात्रेत, तंबूत. आबांनी बैलांच्या दमणीतून नेलं होतं. पौषातली थंडी, सातपुड्याचा पायथा, सगळीकडे हंडीतल्या मटणाचा आणि रोडग्यांचा वास, आणि इंजिनाचा असा आवाज की सिनेमाचं बोलणं निम्मं त्यात बुडायचं. पडदा तंबूच्या मधोमध. मागच्या बाजूचं तिकीट स्वस्त. तिथून सगळं उलटं दिसे, हिरो डावऱ्या हाताने तलवार चालवी, पाटीवरची अक्षरं उलटी. मला वाचता येत नव्हतं, त्यामुळे माझं काही अडलं नाही.

दुसरा जय संतोषी माँ. मुंबईत तो १९७५ साली, शोलेच्याच वर्षी लागला. आपल्या तालुक्याला पोचता पोचता पुढचं वर्ष उजाडलं. त्या शुक्रवारी आपल्या एका गावातून अकरा बैलगाड्या निघाल्या, सगळ्या बायांच्या. माझी आई आरतीचं ताट घेऊन आली होती. दाराशी चपलांचा ढीग, कारण आत देवी आहे म्हणून कोणी चपला घालून जाईना. आरतीचं गाणं लागलं की बाया उभ्या राहायच्या आणि पडद्याकडे सुटे पैसे फेकायच्या. खेळ सुटला की गेटकीपरचं पोर ते वेचायचं. शहरातले शिकलेले लोक हसायचे म्हणे. हसोत. माझ्या आईने त्याआधी कधी सिनेमाचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि देवळात जायला परवानगी लागत नाही हा मुद्दा तिने बरोबर हेरला होता.

पण हेही लिहून ठेवते, कारण टॉकीजच्या आठवणी काढणारे हे कधी सांगत नाहीत. त्या दिवशी आमच्यातल्या बायांनी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. तीन तासांचा खेळ, दोन तासांची गाडी, आणि टॉकीजमध्ये बायांसाठी मुतारी नाही. पुरुषांची होती, तिचा वास थर्डपर्यंत यायचा. आमची नव्हतीच. मध्यंतरात पुरुष बाहेर जाऊन आलूबोंडे खायचे, आम्ही जागेवर बसून राहायचो.

तिसरा आणि चौथा सांगण्यासारखा नाही. एक शकुंतला रेल्वेत बसून अंजनगावला जाऊन पाहिला, सिनेमापेक्षा गाडीतला वेळ जास्त. ती गाडीही आता बंद.

पाचवा लग्नानंतरचा, १९८३. तुझ्या आजीने जायला हो म्हटलं, पण दोन नणंदा, एक जाऊ आणि जावेचं पोर सोबत दिलं. तालुक्याच्या टॉकीजमध्ये बायांची बाजू वेगळी, मधे कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर पडदा. दिवे गेले की गेटकीपर तो पडदा सरकवायचा आणि मध्यंतराचे दिवे लागायच्या आत परत ओढायचा. कधी त्याला उशीर झाला की दोन्हीकडची सगळी डोकी एकमेकांकडे वळायची. तुझे बाबा त्या बाजूला, मी या बाजूला. मध्यंतरात त्यांनी एका पोराच्या हाती फल्लीदाण्याची पुडी पाठवली, ती जावेच्या पोराने खाल्ली. आपण लग्नानंतर सोबत सिनेमा पाहिला, असं ते अजूनही सांगतात. मधे दोनेकशे माणसं होती.

मामाच्या केबिनचं सांगायचं राहिलं. तू आर्किटेक्ट आहेस, ती वरची खोली मोजली असशील. भिंतीत चार-पाच चौकोनी भोकं दिसतील, त्यांतून मशिनीचा उजेड बाहेर पडायचा आणि ऑपरेटर पडद्यावर नजर ठेवायचा. दोन मशिनी, फोटोफोनच्या. त्यांत बल्ब नव्हता, कार्बनच्या दोन कांड्या. त्यांची टोकं जवळ आणली की मधे वेल्डिंगसारखी ज्योत पेटायची आणि त्याच उजेडावर सिनेमा दिसायचा. कांड्या जळत आखूड होत जातात, त्यामुळे अंतर सारखं सांभाळावं लागे. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून आरोळी, "अबे ए ऑपरेटर, झोपला का बे!" एक रीळ संपत आलं की पडद्याच्या वर उजव्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसरी मशीन चालू करायची, दुसऱ्याला उजेड तिच्यावर घ्यायचा. लोकांना कळताही कामा नये. मामा म्हणायचा, "ज्या दिवशी आपलं नाव कोणी घेतलं नाही, त्या दिवशी काम चांगलं झालं." उरलेल्या कार्बनच्या तुकड्यांवर तांब्याचा पत्रा असायचा, तो सोलून आम्ही पोरं भंगारवाल्याला विकायचो. आणि एवढं सगळं करून मामाने एकही सिनेमा नीट पाहिला नाही. त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या ठिपक्याकडे.

सिनेमा पेटीतून यायचा, एस.टी.च्या टपावरून. वाटणाऱ्यांची ऑफिसं अमरावतीला आणि भुसावळला. सिनेमाच्या धंद्यात आपल्या भागाला अजूनही सीपी-बेरार म्हणतात बघ, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा मध्यप्रांत आणि वऱ्हाड. तो प्रांत मोडून सत्तर वर्षं झाली, पण सिनेमावाल्यांनी मोडला नाही. आणि तालुक्याला चांगली पेटी कधी यायची? कापसाचा चुकारा झाला की, म्हणजे पैसे हातात पडले की. १९७२ पासून सरकारच कापूस घ्यायचं, पैसे हप्त्याहप्त्याने. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत गाड्यांच्या रांगा लागायच्या, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आज बघेल की उद्या याचा भरवसा नाही. मग गाडीखाली एक माणूस झोपवून बाकीचे नऊचा खेळ बघायला. त्या दिवसांत टॉकीज फुल्ल. जून-जुलैत पेरणीच्या वेळी काळं कुत्रंही फिरकायचं नाही, मालक जुनेपाने सिनेमे लावून दिवस काढायचा. पीक बुडालं त्या वर्षी टॉकीजही बुडायची. हे कोणत्या पेपरात येत नाही, पण मला वाटतं आपल्याकडच्या निम्म्या टॉकीजा बोंडअळीने खाल्ल्या.

बाकीच्या निम्म्या कोणी खाल्ल्या? पुरुष म्हणतात टीव्हीने. १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं, रविवारी सकाळी गाव सामसूम, हे खरं. पाठोपाठ वर्गणी काढून व्हिडिओ आणायचे, रात्रभर तीन तीन सिनेमे, तेही खरं. पण टॉकीज आधी कोणी सोडली? आम्ही. सोडणारच. घरी बसून मांडीवरचं पोर झोपवता येतं, पाणी पिता येतं, उठून जाता येतं. चाळीस वर्षांत ज्यांना बायांसाठी एक मोरी बांधावीशी वाटली नाही, त्यांनी टीव्हीला शिव्या देऊ नयेत.

एकदाच आम्ही परतलो. माहेरची साडी लागला तेव्हा. सिनेमा १९९१ चा, मी पाहिला तेव्हा तू पोटात होतीस. अमरावतीला त्याच टॉकीजमध्ये, आणि त्या गल्लीत आमची रांग पुरुषांच्या रांगेपेक्षा लांब. वळसा घेऊन हमरस्त्यावर आलेली. एवढ्या बाया एका ठिकाणी मी फक्त लग्नात नाहीतर मयतीला पाहिल्या होत्या. आतही मयतीसारखंच रडणं चाललं होतं. मला सिनेमा काही खास वाटला नाही, सून एवढं कशाला सोसते असं वाटलं. पण रांग पाहून मन भरलं. एक बाबा आला आणि मला म्हणाला, "ताई, दोन तिकिटं काढून द्याल का?" चार आणे कोणी बोललं नाही. भाव पडला होता.

नंतर आम्ही पुन्हा गेलो नाही, आणि आमच्या जागी जे आलं ते तुला लिहून सांगत नाही. सकाळच्या खेळाची पोस्टरं अशी की मुलींना घेऊन त्या रस्त्याने जायची सोय राहिली नाही. खिडकी कधी बंद झाली ते मामालाही नक्की आठवत नाही. मला आठवतं. सातव्यांदा गेले तेव्हा तू इयत्ता पाचवीत होतीस, आणि खिडकीला आतून फळ्या ठोकल्या होत्या. समोरच्या एकाच खिडकीवर तिकीट मिळालं, गर्दीच नव्हती. आत आपण धरून बारा माणसं, एक पंखा, आणि तू मध्यंतरात विचारलंस, "आई, सिनेमात उंदीर आहे की खरा आहे?" खरा होता.

पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत. मामा सरकारवर चिडायचा. तिकिटावर पंचेचाळीस टक्के करमणूक कर आमच्याकडून, आणि २००१ साली मल्टिप्लेक्सना मात्र पहिली तीन वर्षं सगळा माफ! मी म्हणायचे, मालकाने खुर्च्या तरी बदलायच्या होत्या. मग पेटी येणं बंद झालं, सिनेमा आकाशातून, उपग्रहावरून यायला लागला, बटण दाबायला ऑपरेटर कशाला? मामा घरी बसला. जीएसटी आला, करमणूक कर गेला, तोवर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. मार्च २०२० मध्ये करोनाचं कुलूप लागलं, २०२१ च्या ऑक्टोबरात सरकारने सगळी सिनेमाघरं उघडायची परवानगी दिली, आणि त्या टॉकीजचं कुलूप तसंच राहिलं. टॉकीज पाडली तरी नव्या इमारतीत लहानसं का होईना सिनेमाघर ठेवावंच लागतं, म्हणून बरेच मालक नुसतं कुलूप लावून बसलेत, हे तूच सांगितलंस. तुमच्या मालकाने निदान पाडायची हिंमत केली.

कॉम्प्लेक्सला नाव काय देणार आहात? काहीही द्या, चालणार नाही. अमरावतीचा ऑटोवाला अजून चित्रा, प्रभात, सरोज, श्याम असेच चौक ओरडतो, नागपुरात व्हरायटी आणि पंचशील. आत टॉकीज आहे की मोबाइलचं दुकान, त्याला काय करायचं?

आता तुझा पुण्याचा मल्टिप्लेक्स. तिकीट तुझ्या मोबाइलमध्ये, खिडकीच नाही. पॉपकॉर्नचा भाव ऐकून मी पर्समधले फल्लीदाणे काढणार, तर त्या पोराने दारातच पर्स तपासून ते ठेवून घेतले होते. सिनेमाभर तू मला विचारत होतीस, "आई, आवडतंय ना?" आणि मी हो हो म्हणत होते. तुला सांगितलं नाही, पण मध्यंतरात मी बाथरूमला गेले आणि बराच वेळ आले नाही, आठवतं? तू म्हणालीस पोट बिघडलं का. पोट नव्हतं बिघडलं. ओळीने आठ दारं, पांढऱ्या फरश्या, आरसा, साबण, सगळं बायांसाठी. मला माझी आई आठवली, आरतीचं ताट घेऊन, ओठ कोरडे. मी तिथेच उभी राहून रडले, आणि एका पोरीने मला टिश्यू दिला. तिला वाटलं मी सिनेमा पाहून रडते आहे. सिनेमा विनोदी होता.

म्हणून टॉकीज पाडण्याचं मला वाईट वाटतं की नाही, हे विचारू नकोस. पाडा. फक्त एक काम कर.

खिडकी खाली नव्हती ग. रस्ता वर आला आहे. दरवर्षी नगरपालिकेचं डांबर, मग महानगरपालिकेचं, मग काँक्रीट, जुन्यावर नवा थर. मी तिथे उभी राहायचे तेव्हा टाचा उंच करूनही हात पोचत नसे. खाली काळ्या दगडाच्या दोन पायऱ्या होत्या, वरच्या पायरीवर चढलं की गजातून हात आत जायचा. मजूर आले की आधी त्यांना तिथे चांगलं खोल खणायला सांग. पायऱ्या लागल्या की वरच्या पायरीपासून खिडकीच्या खालच्या दगडापर्यंत टेप लाव आणि किती इंच भरतं ते मला कळव. मामा म्हणतो पायरी एकच होती. त्याला काय ठाऊक, तो वर केबिनमध्ये असायचा. आमची पाव किलो पेढ्यांची पैज लागली आहे.

तुझी
आई

ता. क. तुरीची डाळ आणि कापूस भरलेली नवीन उशी आत्याच्या मुलाबरोबर पाठवते आहे. खणलेल्या जागेचा फोटो पाठव, पण या वेळी टेपवरचे आकडे दिसतील असा जवळून काढ.